निळ्याखालचा लाल रंग

पप्पांची निळी मोटारसायकल तुम्ही पाहिलीय ना? मागच्या रविवारी नंदाखाल गावातल्या आमच्या घरी ओट्यावर बसून मी तिच्या प्लास्टिकच्या साइड पॅनलला पॉलिश पेपर मारत होतो, नवा रंग द्यायचा म्हणून. घासता घासता निळ्याखालून लाल रंग निघाला.

मम्मीने तो पाहिला आणि पप्पांना विचारलं, "अहो, लग्न ठरवताना माझ्या वडिलांना गाडी नवी कोरी आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

पप्पांचा चेहराच पडला. "सेकंडहॅन्ड सांगितली असती तर ते हो म्हणाले नसते गं."

"होकार वडिलांनी नाही, मी दिला होता," मम्मी म्हणाली. "आणि तो गाडीला नव्हता दिला."

सत्तरीतले पप्पा असे काही लाजले, की मी आपला खाली मान घालून पुन्हा घासायला लागलो.