टिटवाळ्याची आत्या शाळेत आली तेव्हा

नमस्कार. काका, काकू, सोसायटीतले सगळे, आत्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणी... तुम्ही कुठून कुठून आलात. मला माईकवर बोलायची सवय नाही. आणि आत्याबद्दल 'होती' म्हणायची तर अजिबातच नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी ईशा. कुमुदआत्याची भाची. तिच्या सुरळीच्या वड्या, तिची पाण्यावरून झालेली भांडणं, हे तुम्ही आत्ताच ऐकलंत. मी फक्त माझ्या शाळेचं सांगते.

मी तिसरीत होते, डोंबिवलीला. वाचायला फार लवकर शिकलेले. ग्रहताऱ्यांवर कोणी विचारलं तर थांबायचेच नाही. पण लिहायला बसवलं की दोन ओळींत रडू. आणि वर्गात गलका झाला की मी बाकाखाली. म्हणजे खरंच बाकाखाली, कान दाबून.

आईबाबांनी ठाण्यात दाखवलं, कल्याणला दाखवलं. एक डॉक्टर म्हणाले, अमुक आजाराची थोडी लक्षणं दिसतात. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, छे, ते नाही, हे दुसरंच काहीतरी, पण तेही पूर्ण नाही. शाळा म्हणायची, सर्टिफिकेट आणा, मग सवलत देतो. नाव नाही म्हणून सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही म्हणून सवलत नाही. मग उरलं काय? "हुशार आहे, पण आळशी आहे."

मला रोज सकाळी शाळेच्या नावानेच उलटी व्हायची. शेवटी शाळेने सांगितलं, दुसरी शाळा बघा. आणि बाबा कबूलही झालेले. दमले होते हो दोघं.

तेव्हा आत्या टिटवाळ्याहून आली. बाबांना म्हणाली, "अरे प्रकाश, शाळा सोडायची तर सोडू. पण आधी मला एकदा त्यांना भेटू दे."

मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही सगळे बसलेलो. मोठ्या बाई म्हणाल्या, "हिला नक्की झालंय काय, ते तर आम्हाला कळू दे."

आमची आत्या, जी भाजीवाल्याशीही आवाज चढवून बोलायची, ती त्या दिवशी एकदम शांत. म्हणाली, "बाई, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाहीये. ते कळेपर्यंत पोरीचं शिक्षण कसं थांबवायचं? पण काय केलं की हिचं बरं चालतं, ते तर आपण बघू शकतो ना?"

आणि तिने माझ्याकडे वळून विचारलं, "ईशू, तू सांग गं."

तोपर्यंत मला कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी नाही, शाळेने नाही. आईबाबांनासुद्धा सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "मला दाराजवळ बसू द्या. आणि उत्तरं तोंडी विचारा."

आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "अहो, वर्ग खच्चून भरलाय माझा. हिला दिलं तर बाकीची पण मागतील."

आत्या म्हणाली, "मागू देत की. ज्याला लागेल त्याला द्या."

मोठ्या बाई हसल्या. मग म्हणाल्या, महिनाभर करून बघू.

वर्गाच्या बाईंनी मला वाचनालयात नेऊन विज्ञानाची चाचणी तोंडी घेतली. नंतर आईला म्हणाल्या, "मी लिहून घेता घेता दमले, ही थांबेच ना!" बाई आज इथे आल्यात. बाई, थँक्यू.

पुढे सगळं छान झालं, असं नाही. दर वर्षी नवे शिक्षक, दर वर्षी आत्याची नवी फेरी. एका सरांनी तर साफ नाही म्हटलं, ते वर्ष तसंच गेलं. दहावीला लेखनिक मिळाला नाही. येत असलेली उत्तरं लिहायची राहिली. निकालाच्या दिवशी मी खूप रडले. आत्या शेजारी बसली आणि म्हणाली, "लिहिलंस ते तुझंच. राहिलं तेही तुझंच. फक्त त्यांना दिसलं नाही."

आज मी ठाण्यात भौतिकशास्त्र शिकतेय. मला काय झालंय, ते अजून कोणी ठरवलेलं नाही. आत्याने ते कधी विचारलंही नाही.

माझं ऐकून कितीतरी मुलांच्या आया आत्याला फोन करायच्या, आमच्याही शाळेत चला म्हणून. ती गेली त्यानंतरही एकीचा फोन आला, दिवा गावातून. त्यांना माहीत नव्हतं. मुलीच्या शाळेत बोलावलं होतं आणि त्यांना आत्या सोबत हवी होती. मग काल मी गेले. मला तिच्यासारखं बोलता नाही आलं. शेवटी त्या मुलीला विचारलं, "तुला काय हवंय?" ती आईच्या मागे लपली. मी म्हटलं, हरकत नाही, मी परत येईन.

आत्या, जमेल गं मला. थोडा वेळ लागेल.

आता आपण दोन मिनिटं तिच्यासाठी उभे राहू या. ज्यांना बसून बरं वाटेल, त्यांनी बसूनच राहा. तिला चालेल.