नारायणाची कोरफड

हा किस्सा अगदी खरा, गळ्याशपथ. सगळं माझ्यासमोर घडलं. म्हणजे बाजारात मी नव्हतो, पण बाकी सगळं समोरच.

अकोल्याचा माझा मित्र नारायण, कापसाच्या जिनात कारकून. त्याच्या बायकोनं डिप्टीसाहेबाच्या बंगल्यावर पाहून आपल्याही ऊन येणाऱ्या खोलीत कुंड्या मांडल्या होत्या. ती वारली, आणि मागोमाग नारायणाच्या हातून तिची झाडंही गेली. एकच कुंडी भरून ठेवायची म्हणून तो बाजारात गेला.

"बाई, मरत नाही असं झाड दे."

माळीण म्हणाली, "असं झाड कोठी रायते, भाऊ? लवकर मरत नाही असं आहे. हे कोरफड न्या. उन्हात ठेवा अन् पाणी इसरून जा."

थोड्या दिवसांनी मी गेलो, तर कोरफड पिवळी, लिबलिबीत, कुंडीत चिखल.

"अबे, पाणी कावून टाकून राहिला?"

"सकाळी तिचा आवाज येते. 'अहो, झाडाले पाणी टाकलं काय?' तिले नाही कसं म्हनू?"

"मंग उपट अन् दारावर उलटी टांग. नजरही लागत नाही अन् पाणीही टाकता येत नाही."

पुढच्या खेपेला पाहतो तो काय, नारायण स्टुलावर चढून टांगलेल्या कोरफडीच्या मुळांवर लोटीनं पाणी ओततोय!

हसलात ना? ते स्टूल आणि ती टांगलेली कोरफड माझ्या पदरची. कोरफड कुंडीतच सडली. आता तिथं नुसती माती आहे. पाणी मात्र तो रोज टाकतो.