त्या फ्रेंच ग्रंथाचा इंग्लंडातला एकमेव वाचक

...ते सगळं ठीक आहे हो, पण वाचला का कुणी? तुम्हाला सांगतो, सहा वर्षं! सकाळी चर्चमध्ये ऑर्गन बडवायचा, दुपारी लंडनभर श्रीमंतांच्या मुलींना हार्पसिकॉर्ड, म्हणजे ती पियानोसारखी पेटी, वाजवायला शिकवायची, आणि उरलेल्या वेळात त्या फ्रेंच माणसाच्या संगीतशास्त्राचं इंग्रजी करत बसायचं... सूर सुराशी का जुळतो, तर म्हणे तारेच्या लांबीचं गणित! एकेका परिच्छेदाला आठवडा. आमची हेस्टर म्हणायची, "अहो, फ्रेंचांशी एखादी लढाई यापेक्षा लवकर आटपते."

आता आमच्याकडे रीत अशी, की आधी वर्गणीदार गोळा करायचे आणि त्यांची नावं ग्रंथात पहिल्याच पानावर छापायची. दोनशे बारा नावं जमली! मी हवेत. ग्रंथ निघाला आणि दुसऱ्याच दिवशी सर बार्नबींची बग्गी दारात. म्हटलं, गणितात काही शंका असेल... कसली शंका! "माझं नाव त्या दारूवाल्याच्या खाली?" मी म्हटलं, महाराज, अक्षरांच्या क्रमाने लावलीत. "मग क्रम बदला." लेडी विल्मॉट आल्या, त्यांच्या कुत्र्याचं नाव राहिलं होतं.

पण वाचला का कुणी? कॉफीहाउसात दोन तट पडलेले. एक म्हणे ग्रंथ टाकाऊ, दुसरा म्हणे फ्रेंच आहे म्हणजे टाकाऊच. उघडला कुणीच नव्हता! आमचा मित्र जोसाया, पलीकडच्या चर्चचा ऑर्गनवाला, अंगाने बुटका, त्याने तेवढी मनापासून स्तुती केली. म्हणाला, बाकावर ठेवून वर बसलो की हात बरोबर पोचतात.

आणि तीन वर्षांनी पत्र आलं! नॉर्फकहून, कुणी सॅम्युएल टटल, घोड्यांचे वैद्य. "आपला ग्रंथ पहिल्या पानापासून वाचला." मी रडलो हो, खरंच रडलो. पुढे लिहिलेलं, "घोड्याच्या खोकल्यावरचा काढा उत्तम. पण शहाण्णवाव्या पानावर मध्येच तुटतो."

ग्रंथ उघडून बघतो तर काय, छापखान्याने माझी सोळा पानं गाळून तिथे कुठल्याशा घोड्यांच्या पुस्तकाची सोळा पानं शिवलेली. सगळ्या प्रतींत! दोनशे बारा घरांत तीन वर्षं तो घोडा खोकतोय आणि कुणाला पत्ता नाही... मलासुद्धा.

काय करता? गेलो छापखान्यात, ते घोड्यांचं पुस्तक शोधून काढलं, आणि उरलेला काढा सुवाच्य अक्षरात उतरवून टटलसाहेबांना पाठवून दिला. एकुलता एक वाचक आहे हो माझा... त्याला नाराज कसं करू?