नव्या भुईवर

मोहर्लीच्या बसथांब्यावर बसची वाट पाहणाऱ्या पुनमला सगळं ऐकू येईल अशी, तिच्या मागंच सुकरी म्हाताऱ्या आईला धरून उभी होती, आणि रिसॉर्टच्या कामावरचा मुकादम प्रफुल्ल सुकरीवर तापला होता.

"मॅनेजरची माफी माग, सुकरी. नाई तं उद्यापासून कामावर येऊ नको."

"काऊन मागू, भाऊ?"

"पाहुण्यांच्या फरशीवर मायले बसवलं म्हणून!"

"त्या मोठ्ठाल्या काळ्या फरश्या कोणं बसवल्या? खालच्या करंटच्या तारेले धक्का न लावता म्याच बसवल्या ना? आमच्यात नव्या भुईवर पहिले म्हातारी बसते. त्याबिगर कोणी पाय टाकत नाई."

"ते तुह्या घरी. इथी साहेबलोकांचे पाय गरम राहावे म्हणून फरशीखाली तापणारी तार टाकली."

"अन् मायचे गुडघे थंडीनं आखडते, त्याचं काय? म्या बटन दाबलं, तिले बसवलं. मॅनेजर म्हणे उठव. नाई उठवलं. त्यानंच बटन बंद केलं."

"काम जाईन तुहं!"

"जाऊ दे. माफी मागत नाई मी."

"माय, तू तरी समजव तिले."

म्हातारीनं पदर सावरला.

"मुकादम, एकच गुडघा शेकला, बापा. दुसरा शेकाले उद्या येतोच मी."