एका कपात दोन

दातांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या ताई नंबर लिहीत होत्या, पण त्यांचे कान बाकाकडे होते. तिथे कागदी कपांतल्या टोमॅटोच्या रोपांचा ट्रे मांडीवर घेतलेल्या एक मावशी बसल्या होत्या आणि शेजारी गाल सुजलेला एक प्लंबर.

"मावशी, रोपांचीही दाढ दुखते का?"

"घरी ठेवली असती, तर आमच्या ह्यांनी थेट भर उन्हात नेली असती. मागच्या वर्षी दुपारपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या."

"पण प्रत्येक कपात दोन-दोन?"

"दोन बिया टाकल्या, दोन्ही उगवल्या. गुणाची आहेत."

"अहो, एक कापायचं असतं. मी नर्सरीत पाइप जोडायला जातो, तिथे रोज बघतो. अशीच वाफ्यात लावलीत, तर दोन्ही उपाशी राहतील."

"कळतंय हो. रोज कात्री घेऊन बसते आणि पाणी घालून उठते."

"त्यात काय एवढं? डोळे मिटायचे आणि कच्चकन कापायचं!"

आतून मावशींना हाक आली.

"जरा धरा हा ट्रे. हलवू नका हं."

अर्ध्या तासाने मावशी गालात कापूस धरून बाहेर आल्या.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"अक्कलदाढ शेजारणीला रेटत होती. काढून टाकली. ताई, कात्री आहे का हो?"

ताईंनी ती केव्हाच ड्रॉवरमधून काढून ठेवली होती.

"द्या इकडे ट्रे."

"देतो. पण मावशी..."

"आता काय?"

"हे कोपऱ्यातलं नको हं. मघापासून माझ्याकडेच बघतंय."