काकूंचा उपास

तुम्ही हसून राहिले, पण माझं डोकं अजून तापलेलं आहे.

आमच्या हॉस्पिटलात शुगरच्या नव्या गोळीवर रिसर्च चालू आहे ना, त्यात पेशंटचं रक्त रिकाम्या पोटी घ्यावं लागतं. इकडे सगळे हिंदीवाले, त्यांना मी "खाली पेट आना" सांगते, अन् लोक बरोबर तसेच येतात. खमरिया गावच्या एक काकू मात्र आपल्या मराठी निघाल्या, म्हणून त्यांना मोठ्या प्रेमानं सांगितलं, "काकू, उद्या उपाशी या हं."

दुसऱ्या दिवशी काकूंची वाढलेली शुगर पाहून आमचे सर माझ्यावरच भडकले. "अगली बार भी गड़बड़ हुई तो इनका नाम काट दूँगा!" म्हणजे काकूंवर घेतलेली सगळी मेहनत पाण्यात!

मी काकूंना गाठलं. "सकाळी काही खाल्लं होतं काय?"

"छे! उपास होता ना, दीदी. साबुदाण्याची खिचडी तेवढी खाल्ली, अन् दोन केळी."

"काकू, उपास नाही, उपाशी!"

"तेच तर केलं! मीठसुद्धा सैंधव घातलं."

मी कपाळावर हात मारला अन् ओरडलेच, "काकू, खाली पेट! कुछ भी नहीं खाना है!"

"अच्छा, म्हणजे एकादशीचा नाही, हरतालिकेचा कडक उपास!" काकू फणकारल्या. "मग तसं सरळ मराठीत सांगा ना! आपल्या माणसावर हिंदीत काहून ओरडून राहिल्या?"