नव्या गाड्यांची आठवण कोण काढणार?

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष, ज्यांच्या मालमोटारींनी एकेकाळी खामगावच्या सरकीचा वास चार जिल्ह्यांत नेला ते माननीय नारायणराव टिकार; व्यासपीठावर आपण कोणाची तरी खुर्ची अडवली आहे अशा संकोचानं बसलेले सत्कारमूर्ती रहेमतुल्ला मिस्त्री; त्यांना आज इस्त्रीचा सदरा घालायला लावण्याचं अवघड काम ज्यांनी पार पाडलं त्या फातिमावहिनी; आणि समोर बसलेले टायरवाले, बॅटरीवाले, डेंटिंग-पेंटिंगवाले, ड्रायव्हर, गाडीमालक, तसेच आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीला धक्का मारून पुण्य जोडलेले सर्व बंधू-भगिनींनो,

मी कचरू वानखडे. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. मला पाच मिनिटं दिली आहेत. कविता शिकवणाऱ्याची पाच मिनिटं चाल लावण्यातच जातात, तरी प्रयत्न करतो.

आज मी मिस्त्रींचं कौतुक करावं अशी अपेक्षा आहे. ते मी करीनच. पण त्यांच्यासमोर मला एक कबुलीही द्यायची आहे आणि ती देताना सभागृह भरलेलं असावं अशी माझी इच्छा होती.

शहाऐंशी साली मी एक जुनी मोटार घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. दोष कंपनीचा नव्हता, ती दोन घरं फिरून थकली होती आणि त्यात तिला मी भेटलो होतो. फिक्या पिवळ्या रंगाची, पुढच्या काचेशेजारी ती छोटी तिकोनी खिडकी असलेली. तरुण मंडळींना ती खिडकी ठाऊक नसेल. बोथ्याच्या घाटात ती खिडकी उघडली की सागाच्या पानांचा वास थेट नाकात यायचा. तसा वास मला पुढे कुठल्याही एसीनं दिला नाही.

तर ही गाडी घेऊन मी पहिल्यांदा मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सर, इले काही नाही झालं. थकली ते. पानी पाजा अन् घडीभर सावलीत उभी करा."

मी म्हटलं, "पण बिमारी काय आहे?"

"बिमारी तुमाले हाय. तुमाले घाई हाय."

माझं रोगनिदान पुढे कोणत्याही डॉक्टरानं इतकं अचूक केलं नाही.

तिला रोज सकाळी धक्का लागायचा. आमच्या गल्लीतला मोईज पंक्चरवाला मला पाहिलं की विचारायचा, "सर, आज किती जनाचा?" मी म्हणायचो, चौघांचा. तो म्हणायचा, "काल तं दोनातच निघाली होती. इले चारचौघात मिरवाची सवय लागली." धक्का मारणाऱ्यानं पुढच्या चौकापर्यंत गाडीत बसून यायचं, हा आमच्या गल्लीचा रिवाज होता. त्या चौकापर्यंतच्या प्रवासात मला गल्लीतली सगळी दुखणी, सोयरिकी, नापास झालेली पोरं कळायची. आणि गाडी एकदा चालू झाली की तिचं इंजिन मला चक्क वृत्तात ऐकू यायचं. लघु, लघु, गुरू. तिसऱ्या गियरला मात्र दर वेळी यतिभंग.

मंडळी हसताहेत. हसा. पण अशा आठवणींच्या नशेत माणूस काय बोलून बसतो ते आता सांगतो.

गेल्या मार्चमधली गोष्ट. मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं चहा घेत होतो. मिस्त्रींची मुलगी अदीबा, जी मागच्या रांगेत बसली आहे, तिनं मोटारीची पदविका घेतली, सहा वर्षं अकोल्याच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नव्या गाड्या उघडल्या-जोडल्या. तिला परत येऊन वडिलांचं गॅरेज चालवायचं होतं. मिस्त्रींचं मन होकाराकडे झुकलेलं होतं, पण पूर्ण बसत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "सर, खरं सांगा. तुमाले आपल्या गाडीची आठवन येते?"

मी म्हटलं, रोज येते.

"अन् ह्या नव्या गाड्याईची येईन का कोनाले?"

आणि मी, विचार न करता, वर्गात उत्तर सांगतात त्या आवाजात म्हणालो, "नाही मिस्त्री. ह्यांची आठवण कोणी काढणार नाही. सगळ्या सारख्याच पांढऱ्या, सगळ्या गुपचूप."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मंग पोरीले काऊन अडकवू याच्यात? ज्या चीजवर कोनाचा जीवच नाही, ते दुरुस्त करून तिले काय भेटन?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी गाळा टाइल्सच्या व्यापाऱ्याला द्यायचा शब्द दिला. येत्या एक तारखेला ताबा. अदीबाला सांगितलं, तू अकोल्यातच राहा, सुखी राहा. ती पोर भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, "अब्बा, हे तुमाले कोन बोललं?" मिस्त्री म्हणाले, "सर बोलले." म्हणजे विषय संपला.

अध्यक्षमहाराज, शिक्षकाला आपलं म्हणणं कोणी ऐकत नाही याचं जन्मभर वाईट वाटतं. ऐकलं तर काय होतं, ते मला या वयात कळलं.

खरं तर मी सावध राहायला हवं होतं, कारण अशीच चूक मी पूर्वी एकदा केली होती. मुक्तछंदातली कविता पहिल्यांदा पाठ्यपुस्तकात आली तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर हात आपटून म्हणालो होतो, ही पाठ होत नाही, म्हणजे ही टिकणार नाही. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये एका कंडक्टरनं मला ओळखलं. तिकीट फाडता फाडता त्यानं एक अख्खी मुक्तछंदातली कविता म्हणून दाखवली. मी म्हटलं, "अरे, हिला तर चाल नाही, पाठ कशी झाली?" तो म्हणाला, "सर, तुमाले नाही सापडली चाल. आमाले सापडली." आणि पुढच्या प्रवाशाकडे वळला.

आता मूळ गोष्टीवर येतो. एप्रिलमध्ये माझ्या मुलानं, रवीनं, घरची बारा वर्षं वापरलेली छोटी गाडी विकायला काढली. पांढरी, गुपचूप. मी ज्यांच्याविषयी बोललो होतो तशीच. सुलतानपूरचे एक गृहस्थ ती न्यायला सकाळी दहाला येणार होते. सातला पाहतो तर माझी नात समता, आठवीतली, त्या गाडीत मागच्या सीटवर बसलेली. मी विचारलं, काय करतेस?

म्हणाली, "आबा, बसून राह्यली फक्त. आजीची जागा हाय हे."

माझी पत्नी शालूबाई तीन वर्षांपूर्वी गेली. तिचा या गाडीशी एक कायमचा झगडा होता. गिरणीत जाताना ती पुढच्या सीटवर दळणाचा डबा ठेवून स्वतः मागे बसायची. गाडीला वाटायचं, पुढे माणूस बसलाय आणि पट्टा लावला नाही. मग टिंग टिंग सुरू. शालूबाई म्हणायची, "समता, लाव बाई त्या ज्वारीले पट्टा, नाहीतं हे आपल्याले गिरनीपर्यंत पोहोचू द्याची नाही." आणि खामगावच्या रस्त्यावरून ज्वारीचा डबा पट्टा लावून ऐटीत जायचा. हे मी विसरलो होतो. पोर विसरली नव्हती. ती टिंग टिंग माझ्या लेखी कटकट होती. तिच्यासाठी त्यात आजी होती.

त्याच सकाळी गाडी सुरू होईना. समता म्हणाली, "पहा, तिले जायाचं नाही." गिऱ्हाईक तर निघालेलं. मिस्त्री त्या दिवशी रोहिणखेडला लग्नाला गेले होते. अदीबा सुट्टीवर घरी होती, ती स्कूटीवर आली. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणतो, सगळं ठीक आहे. मी मनात म्हटलं, झालं, डबा डब्याला विचारतोय.

मग त्या मुलीनं स्कॅनर बाजूला ठेवला. मागची सीट उचलली. पिशवीतून लांब पेचकस काढला, टोक सीटखालच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मला म्हणाली, "सर, चावी फिरवा. नुसती फिरवा, स्टार्ट नका मारू." मी फिरवली. "अजून एकदा." पुन्हा फिरवली. ती म्हणाली, "चावी फिरवली की इथला पंप दोन सेकंद गुणगुणते. तुमची गाडी गप हाय." आणि खाली वाकून उंदरानं कुरतडलेली वायर काढून दाखवली.

मी विचारलं, "हे तुले कोनी शिकवलं? अकोल्यानं?"

"अकोल्यानं स्कॅनर शिकवला," ती म्हणाली, "अन् अब्बाले सांगू नका सर. म्हनतीन, सुट्टीतबी पोरगी लोकाच्या गाड्याईत घुसून राह्यली."

मी आजवर सांगितलं नाही. आज सांगितलं. अदीबा, रागावू नकोस.

गाडी सुरू झाली. सुलतानपूरचे गृहस्थ आले, फाटकातून ती मागे घेऊ लागले, तेव्हा समता मोबाइल पुढे धरून उभी राहिली. मागे घेताना ती गाडी एक साधी धून वाजवायची. ती रेकॉर्ड करून घेत होती. परवा अभ्यास करताना ऐकत बसली होती. मी दारात उभा राहून ऐकली. खोटं कशाला बोलू, मलाही ती आवडली.

म्हणून मिस्त्री, या सर्वांच्या साक्षीनं मी मार्चमधलं माझं वाक्य मागे घेतो. या गाड्यांवरही लोकांचा जीव आहे. तो कुठे बसलाय ते आपल्या दोघांना दिसत नव्हतं, कारण आपण तो तिकोनी खिडकीत शोधत होतो. वीस वर्षांनी कोणी समता, पन्नाशीला आलेल्या अदीबाकडे अशीच एखादी थकलेली पांढरी गाडी घेऊन येईल आणि म्हणेल, ताई, काहीही करा, पण हिला भंगारात देऊ नका. त्या दिवशी खामगावात तुमचं गॅरेज नसेल, तर ती पोर जाईल कुठे? तुम्ही निवृत्त व्हा, तो तुमचा हक्क आहे. गाळ्याचा मात्र, माझ्या शब्दाखातर केलेला विचार, माझ्याच शब्दाखातर पुन्हा करा.

काय म्हणता मिस्त्री? जरा थांबा, मागच्यांना ऐकू आलं नसेल. मिस्त्री मला काही म्हणत नाहीत. ते अदीबाला विचारताहेत, "कुरतडलेली वायर नुसती जोडली का नवी टाकली?"

अदीबा उभी राहून सांगतेय, "नवी टाकली अब्बा. अन् पाइपातून नेली, उंदराले पुन्हा नाही भेटाची."

आता मिस्त्री विचारताहेत, "पाइप पक्का कशानं केला?" अदीबा, तू पुढेच ये, इतक्या लांबून हे जमायचं नाही. वाट द्या तिला.

मंडळी, माझ्याजवळ बोलण्यासारखं आता काही उरलं नाही. पाच मिनिटांची वीस केली, त्याबद्दल अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं. आयोजकांचे, माइकवाल्यांचे आणि फातिमावहिनींचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. टाइल्सवाले शेठ सभागृहात असतील, तर त्यांची मी आगाऊ माफी मागतो. शाल आणि नारळ तयार आहेत, पण बापलेकीचं अजून पाइपावरच चाललंय. आपण थोडं थांबू.